उताणं झोपणं फुप्फुसांना जड जातं

पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या पलंगाची डोक्याकडची बाजू उचललेली दिसली की नातेवाइकांचा जीव कळवळतो. "सिस्टर, त्यांना जरा सपाट झोपू द्या ना!" विनंती मायेची असते, पण फुप्फुसांना ती मानवत नाही.

श्वास सोडल्यावरही उभ्या माणसाच्या फुप्फुसांत दोन-अडीच लिटर हवा उरते. याच शिलकीवर वायुकोश उघडे राहतात. उताणं झोपलं की पोटातले अवयव श्वासपटलाला छातीकडे रेटतात आणि शिल्लक अर्धा ते एक लिटरने घटते. भूल दिली की आणखी जवळपास अर्धा लिटर जाते. मग पाठीकडचे वायुकोश मिटू लागतात. रक्त मात्र तिथूनही वाहतं आणि प्राणवायू न घेताच परततं. त्यात टाके दुखतात म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो. खोल श्वासाच्या सरावासाठी देतात ते तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्रही श्वासाने ओढायचं असतं ते शक्यतो बसूनच.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला दुसराही धोका असतो: जठरातला स्राव वर येऊन श्वासनलिकेत झिरपण्याचा. बार्सिलोनातल्या 1999च्या अभ्यासात सपाट झोपवलेल्यांपैकी 34 टक्के पेशंटमध्ये न्यूमोनियाची शंका आली, डोकं 45 अंश उंच ठेवलेल्यांत 8 टक्के. पलंगाचं हँडल फिरवणं हाही उपचारच आहे, असं मला मनापासून वाटतं. अर्थात रक्तदाब फार खाली असेल किंवा मणक्याला इजा असेल, तर हिशोब बदलतो.

एकच फुप्फुस आजारी असेल तर सहसा चांगली बाजू खाली ठेवतात. रक्त खालच्या बाजूला जास्त जातं, तिथे त्याला हवा मिळते.

आणि पालथं झोपवणं? कोविडमुळे ते घरोघरी कळलं, पण ठोस पुरावा 2013चा आहे. फ्रान्स आणि स्पेनमधल्या 466 अत्यवस्थ पेशंटपैकी सलग किमान सोळा तास पालथे ठेवलेल्यांत 28 दिवसांतले मृत्यू 16 टक्के होते, उताण्यांत जवळपास 33. पालथं केल्यावर हृदयाचा भार फुप्फुसांवरून उतरतो आणि पाठीकडचा मोठा भाग पुन्हा उघडतो.

पोटावर ताजे टाके असले की डॉक्टर याबाबत फार तोलूनमापून ठरवतात. ठरलं की पाच-सहा जण पलंगाभोवती उभे राहतात. डोक्याशी उभा असलेला श्वासाची नळी घट्ट धरून आकडे मोजतो आणि त्याच्या "तीन"वर सगळे एकदम वळवतात. चेहऱ्याखाली मऊ उशी, डोळे मिटून चिकटपट्टी. दर काही तासांनी मान दुसऱ्या बाजूला.