हॉक माउंटन: बंदुका गेल्या, मोजणी राहिली

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या किटाटिनी डोंगररांगेवर शरदात वायव्येचा वारा आदळतो आणि धारेवरून वर चढतो. दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी त्या वाऱ्यावर, फारसे पंख न हलवता, धारेलगत सरकत जातात, कधी कधी अगदी नजरेच्या पातळीवरून. हॉक माउंटनच्या कड्यावर आज लोक दुर्बिणी घेऊन बसतात ते याचसाठी. पूर्वी त्याच खडकांवर बंदूकवाले बसत, तेही याचसाठी.

शिकारी पक्षी मारण्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नसे. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्यानेही त्यांना वगळलं होतं. प्रकरण चिघळलं ते 1929 मध्ये, राज्याने गॉसहॉकच्या शिकारीवर पाच डॉलरचं इनाम लावलं तेव्हा. गॉसहॉक म्हणजे आपल्या बाजाचा सख्खा भाऊ. शिकाऱ्यांना हवे असलेले रानपक्षी तो खातो, ही तक्रार काही खोटी नव्हती. कागदावर निर्णयही नेमका होता: एकच जात, ठरलेली रक्कम. पण उडत्या पक्ष्याची जात ओळखणं आज चांगली दुर्बीण हाताशी असूनही कठीण जातं. सुट्टीच्या दिवशी आलेला बंदूकवाला ते कसं करणार? त्यात मंदीची वर्षं, पाच डॉलर थोडे नव्हेत. शिवाय या कड्यावरून गॉसहॉक मुळात कमीच जातात. मेले ते बहुतेक इतरच, बेडूक-उंदरांवर जगणारे पक्षीसुद्धा. निर्णय घेणाऱ्यांना हे कळत नसावं, असं मला वाटत नाही. त्यांनी पर्वा केली नाही.

1932 मध्ये जंगलात ओळीने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं निघाली. ती पाहून न्यूयॉर्कच्या एका बाईंनी 1934 मध्ये तिथली सुमारे 1,400 एकर जमीन वर्षाला 500 डॉलरने भाड्याने घेतली आणि रखवालदार नेमला. त्या रखवालदाराने पहिल्याच शरदात कड्यावरून जाणाऱ्या पक्ष्यांची मोजणी सुरू केली. महायुद्धातली तीन वर्षं सोडली तर ती आजही चालू आहे.

या आकड्यांचं मोल पुढे कळलं. 1935 ते 1939 दरम्यान दिसलेल्या टकल्या गरुडांत सुमारे 40 टक्के वर्षभराच्या आतली पिल्लं होती. 1955 ते 1959 मध्ये ती 20 टक्क्यांवर आली. कीटकनाशकांविरुद्धच्या वादात हा पुरावा 1962 मध्ये मांडला गेला. 1972 मध्ये डीडीटी या कीटकनाशकावर बंदी आली आणि त्याच वर्षी संघीय कायद्याने ससाणे-गरुडांनाही आपल्या छत्राखाली घेतलं. इनाम लावणाऱ्या राज्याच्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आता गॉसहॉकचंच नाव आहे.

टकला गरुड आणि बहिरी ससाणा सावरले, केस्ट्रेल हा छोटा ससाणा मात्र घटतो आहे. काही जातींच्या आकड्यांवरून वाद आहेत: हिवाळे सौम्य झाल्याने ते पक्षी उत्तरेतच थांबत असतील, तर कड्यावरची घट म्हणजे खरी घट नव्हे. त्यासाठी आता उत्तरेकडच्या ठिकाणांची मोजणीही शेजारी ठेवून पाहावी लागते.