फोर्ट कोची आणि मट्टांचेरी : नागपूरकरांच्या सुट्टीसाठी

फोर्ट कोची अन् मट्टांचेरी हा केरळातल्या कोची शहराचा जुना, समुद्राकडचा भाग. एकमेकांना चिकटलेल्या दोन वस्त्या, रमतगमत चाललं तरी तासाभरात या टोकाहून त्या टोकाला पोचतो, पण एवढ्याशा पट्ट्यात मल्याळी हिंदू, सिरियन ख्रिस्ती, मुसलमान, कोंकणी सारस्वत, गुजराती जैन, कच्छी मेमन, तमिळ धोबी, अँग्लो-इंडियन अन् एकेकाळी ज्यू असे सगळे पिढ्यान् पिढ्या राहत आले. नागपुरातून निघणाऱ्या बहुतेक केरळ पॅकेजमध्ये मात्र याच्या वाट्याला 'पहिला दिवस : कोची लोकल साईटसीइंग' एवढंच येते, म्हणजे सकाळी स्टेशनवरून उचलायचं, दुपारपर्यंत चार पॉइंट दाखवायचे अन् संध्याकाळी गाडी मुन्नारच्या घाटात. हे साफ चूक आहे. मुन्नारचे चहाचे मळे कुठं पळून नाही जात, कोचीला किमान तीन दिवस द्यावे अन् ही नोंद त्याच हिशोबानं लिहिली आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. आपला समुद्र म्हणजे फुटाळा तलाव, झिरो माईलच्या खांबापासून कोणत्याही दिशेला निघा, खरा समुद्र दूरच, त्यामुळे समुद्राचं गाव म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं वाळू, लाटा अन् चड्डीवर पळणारी पोरं येतात. फोर्ट कोचीत ते नाही. बीच आहे पण लहान, पावसाळ्यानंतर बॅकवॉटरमधून, म्हणजे समुद्रालगतच्या आतल्या पाण्यातून, वाहून आलेल्या जलपर्णीचे ढीग किनाऱ्याला लागतात (हो, तीच आपल्या अंबाझरीतली), अन् पोहायला जागा चांगली नाही. पोहायचंच असेल तं समोरच्या वायपीन बेटावर चेराईला जा. इथं यायचं ते गल्ल्या पाहायला.

कसं झालं हे गाव

सगळ्याच्या मुळाशी काळी मिरी. आधी या भागातलं मोठं बंदर होतं मुझिरिस, आजच्या कोडुंगल्लूरजवळ, रोमन लोक तिथून मिरी न्यायचे. 1341 मध्ये पेरियार नदीला मोठा पूर आला, गाळानं जुनं बंदर बुजलं अन् दक्षिणेला कोचीकडं पाण्याला नवी वाट झाली, असं सांगतात. मग व्यापारी या तोंडाशी आले. अरब अन् चिनी होतेच, 1500 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी कब्राल आला, 1503 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला (फोर्ट कोचीतला 'फोर्ट' तो हाच, आता फक्त नावात उरला), 1663 मध्ये डचांनी त्यांना हाकललं, 1795 मध्ये इंग्रजांनी डचांना. कोचीचा राजा या सगळ्यात कुणाशी ना कुणाशी जुळवून घेत टिकला. मल्याळीत म्हणच आहे, 'कोच्ची कंडाल अच्ची वेंडा, कोल्लम कंडाल इल्लम वेंडा', कोची पाहिली की बायको नको अन् कोल्लम पाहिलं की घर नको. बायकोला सोबत घेऊन जाणाऱ्यानं ही म्हण तिथं पोचेपर्यंत तोंडातून काढू नये.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर दाखवतात. तो 1524 च्या डिसेंबरात कोचीतच मेला अन् इथंच पुरला, पण 1539 मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले, म्हणजे आता आहे तो नुसता दगड. मला त्या दगडापेक्षा वर पाहण्यात जास्त मजा आली. छताखाली लांबच लांब कापडी पंखे टांगले आहेत अन् त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात, बाहेर एक माणूस बसून दोरी ओढायचा तेव्हा आत साहेबांना वारा लागायचा. मे महिन्यात कूलरची मोटर जळाल्यावर काय होते हे ज्याला माहीत आहे त्याला बाहेरच्या त्या माणसाची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

चिनी जाळी

कोचीच्या प्रत्येक पोस्टरवर असतात ती हीच, मल्याळीत 'चीनवला'. पोस्टरवर संध्याकाळचा लाल सूर्य अन् काळी जाळी दिसते, प्रत्यक्षात ते एक भलंमोठं तराजूसारखं यंत्र आहे. किनाऱ्यावर लाकडी फळ्यांचा माचा, त्यावर कलणारा लांब लाकडांचा सांगाडा, पाण्याच्या बाजूला चार टोकांना ताणलेलं जाळं अन् मागच्या बाजूला जाड दोरांना ओळीनं बांधलेले मोठमोठे दगड. जाळं खाली सोडलं की दगड एकेक करून वर उचलले जातात, चार-पाच मिनिटं थांबतात, मग पाच-सहा जण मिळून दोर ओढतात अन् दगड पुन्हा खाली टेकत जातात तसं जाळं पाणी गाळत वर येते. एवढ्या खटाटोपानंतर आत काय, तं मूठभर मासोळ्या, एखादा खेकडा अन् एक प्लास्टिकची पिशवी. चेट्टन लोक (दादा, भाऊ या अर्थानं सगळ्यांना चेट्टन म्हणायचं, बाईला चेच्ची) तुम्हाला हौसेनं बोलावतात, दोर हातात देतात, फोटो काढू देतात अन् नंतर पैसे मागतात. द्यावे बा, मासोळीवर त्यांचं भागत नाही हे डोळ्यांनी दिसतेच.

ही जाळी आली कुठून यावर दोन मतं आहेत. चिनी व्यापाऱ्यांनी थेट आणली हे एक, अन् पोर्तुगीजांनी मकाववरून आणली हे दुसरं. तिथं मात्र प्रत्येक गाईड आपलंच मत शपथेवर सांगते.

मट्टांचेरी

फोर्ट कोची हे कॅफे अन् होमस्टेचं झालं, मट्टांचेरी अजून धंद्याची आहे. बाजार रोडवर सकाळी गेलं की हातगाड्या, पोती, मिरी-सुंठ-वेलचीचा वास अन् जुन्या गोदामांचे दरवाजे, थोडी आपली इतवारी आठवते, फक्त घाम तिप्पट.

मट्टांचेरी राजवाड्याला 'डच पॅलेस' म्हणतात, पण 1555 च्या सुमारास तो बांधून राजाला भेट दिला पोर्तुगीजांनी, डचांनी नंतर फक्त डागडुजी केली अन् नाव त्यांचं लागलं. आतल्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत, तपकिरी-हिरव्या रंगात माणसावर माणूस इतकी दाटी की एकेका भिंतीपुढं अर्धा तास उभं राहावं. पॅकेजवाले दहा मिनिटं देतात.

राजवाड्याला लागूनच ज्यू टाऊन अन् 1568 चं परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. आतली जमीन चीनमधून आणलेल्या हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांची, शेकडो फरश्या अन् एकीसारखी दुसरी नाही असं म्हणतात. जोडे बाहेर काढून जावं लागते, तळपायाला गार लागते, मग नकळत खाली पाहत पाहतच फिरतो माणूस. बाहेरचा घड्याळाचा मनोरा 1760 चा, वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या लिपीतले आकडे, त्यात एक हिब्रू. शुक्रवार-शनिवार मात्र टाळा, शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, सिनेगॉग बंद. आम्हाला एका टूरवाल्यानं नेमकं शनिवारी दुपारी नेलं अन् बंद दारापुढं उभं करून 'फोटो काढून घ्या' म्हणाला, ते पाहायला म्हणून मला दुसऱ्यांदा कोचीला जावं लागलं.

इस्रायल झाल्यावर इथले बहुतेक ज्यू तिकडं गेले. ज्यू टाऊनमध्ये भरतकामाचं दुकान चालवणाऱ्या सारा कोहेन 2019 मध्ये वारल्या, त्यांच्या म्हातारपणात दुकान अन् त्यांना सांभाळलं ते एका मुसलमान कुटुंबानं. ब्रोशरमध्ये 'सर्वधर्मसमभाव' म्हणून हे छापतात अन् ते खरंही आहे. पण दुसरी बाजू कोणी छापत नाही. याच सिनेगॉगमध्ये गोरे ज्यू अन् बाकीचे असा भेद होता, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या वंशजांना आत बाकावर बसायची मुभा नव्हती, अन् त्यातलेच एक वकील अब्राहम बराक सालेम यांनी देवळातच सत्याग्रह करून तो मोडायला लावला, लोक त्यांना 'ज्यू गांधी' म्हणायचे. अन् पलीकडं एर्नाकुलमला (कोचीचा मुख्य भूमीवरचा भाग) 1913 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या पुलय समाजाला सभा घ्यायला जमिनीवर कुठंच जागा भेटेना, तेव्हा त्यांनी बॅकवॉटरमध्ये होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या अन् पाण्यावर सभा घेतली. त्यामागं समाजसुधारक पंडित करुप्पन यांची प्रेरणा होती. याला 'कायल सम्मेळनम' म्हणतात. कायल म्हणजे ते खाऱ्या पाण्याचं बॅकवॉटर. ज्या चेराईला लोक फक्त बीचसाठी जातात त्या गावात 1917 मध्ये समाजसुधारक सहोदरन अय्यप्पन यांनी वेगवेगळ्या जातींच्या लोकांची एक पंगत बसवली होती. दीक्षाभूमीच्या गावातून गेलेल्या माणसाला बोटीत बसल्यावर या गोष्टी आठवाव्या, बाकी गाईड सांगणार नाही.

आपल्या कानाला ओळखीचं

मराठी माणसासाठी खरी गंमत चेरलाई भागात आहे. इथं कोंकणी सारस्वतांची जुनी वस्ती, तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ. देवळाबाहेर दोन आज्या बोलत होत्या अन् मी पायातली चप्पल काढता काढता थांबलो, कारण अर्धं समजत होतं. मल्याळीत दोन दिवस मुक्यासारखं फिरल्यावर असं कानावर आलं की लय बरं वाटते. हे लोक गोव्याकडून पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून आले.

याच समाजातले रंगा भट, विनायक पंडित अन् अप्पू भट हे तीन वैद्य. डच अधिकारी हेंड्रिक वान रीडनं मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' नावाचा 12 खंडांचा ग्रंथ काढला, तो 1678 ते 1693 या काळात अॅमस्टरडॅमला छापला गेला. माहिती दिली इट्टी अच्युतन नावाच्या इथल्या वैद्यानं अन् या तिघांनी, अन् तिघांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. म्हणजे आपण शाळेत गिरवली ती अक्षरं 1678 मध्ये हॉलंडात छापून निघाली, ती कोचीमुळं.

पोर्तुगीज गेले पण शब्द राहिले, अन् ते आपल्याकडंही तेच आहेत, चावी, आलमारी, इस्त्री, थोडे उच्चार इकडंतिकडं. इस्त्री पाहायची असेल तं वेलीच्या धोबीखान्यात जा, तमिळ वण्णार लोकांचा, त्यांना डचांच्या काळात शिपायांचे कपडे धुवायला आणलं होतं असं सांगतात. दगडावर कपडे, मैदानात दोऱ्या अन् शेडमध्ये कोळशाची जड इस्त्री, सगळं चालू कामाचं. गुजराती रोडवरच्या जैन मंदिरात दुपारी कबुतरांना दाणे टाकतात, ते एक पाहण्यासारखं.

खाणं

पहिला धक्का खोबरेल तेलाचा. आपल्याकडं ते डोक्याला लावतात, तिकडं त्यात मासा तळतात, पहिल्या दिवशी नाक मुरडणारे तिसऱ्या दिवशी वाटी चाटतात. दुसरा धक्का पाण्याचा. हॉटेलात बसलं की गरम, फिक्कट गुलाबी पाणी आणून ठेवतात, आमच्या सोबतच्या काकूंना वाटलं ग्लास नीट विसळला नाही, परत पाठवलं, दुसरं आलं तेही गुलाबीच. ते पतिमुगम नावाच्या झाडाचं लाकूड टाकून उकळलेलं पाणी, पोटाला चांगलं म्हणतात.

अप्पम अन् स्ट्यू सकाळी खावं, करीमीन नावाचा मासा केळीच्या पानात भाजलेला, अन् कुडमपुळी नावाचं आंबट टाकलेली लाल मच्छी करी. सावजीवर वाढलेल्याला तिखटाची भीती नाही, आंबटपणा मात्र वेगळाच आहे. मट्टांचेरीची बिर्याणी नाव कमावलेली, दुपारी उशीर केला तं संपते. फोर्ट कोचीत 'ब्रूडर' नावाचा गोडसर पाव भेटतो, डचांची आठवण, नाताळात हमखास. शाकाहारी लोकांनी चिंता नको, सारस्वत अन् गुजराती दोन्ही आहेत. फक्त 'व्हेज' म्हटल्यावर एकदा पुन्हा विचारून घ्या.

कधी, कसं

डिसेंबर ते फेब्रुवारी. स्वेटर नागपूरची थंडी संपेपर्यंत घाला अन् मग बॅगेत टाका, कोचीत डिसेंबरातही दुपारी तिशीच्या वर अन् हवा दमट. मे मध्ये नागपूर 45 ला असताना कोची आकड्यानं बरीच खाली दिसते पण घामानं हिशोब बरोबर होतो. जूनच्या सुरुवातीला पाऊस येते तो येतेच. 31 डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत 'पप्पांजी' नावाचा म्हाताऱ्याचा मोठा पुतळा जाळतात, आपल्या मारबतीसारखं, जुनं घेऊन जा रे म्हणत, गर्दीही तशीच. 2012 पासून दर दोनेक वर्षांनी डिसेंबरात बिनाले नावाचं कलाप्रदर्शन सुरू होते अन् जुनी गोदामं उघडतात. चित्रं नाही कळली तरी गोदामं पाहून घ्यावी.

रेल्वेनं केरला एक्सप्रेस नागपूरहून थेट आहे, बल्लारशा, वरंगळ, विजयवाडा करत दीड दिवस धरून चाला. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला टॅक्सी करू नका, सरकारी बोट करा किंवा वॉटर मेट्रो, 2023 मध्ये सुरू झालेली एसी इलेक्ट्रिक बोट, हायकोर्ट जेटीवरून निघते. देवळात जाणाऱ्या पुरुषांनी शर्ट काढावा लागते, बनियन पण.

परतीच्या वेळी एक पाहून घ्या. एर्नाकुलमला दोन स्टेशनं आहेत, तिकिटावर 'टाऊन' असेल तं तिथले लोक त्याला नॉर्थ म्हणतात, 'जंक्शन' असेल तं साऊथ. केरला एक्सप्रेस टाऊनवर येते. ऑटोत नुसतं 'स्टेशन' म्हणाल तं तो बहुतेक साऊथला नेते.