कोबाल्ट म्हणजे नक्की कुठलं? स्टेलाइटची पार्श्वभूमी

गाळप संपलं की साखर कारखान्यांचे स्टीम व्हॉल्व्ह सीट घासायला आणि भरायला आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत येतात, आणि चलनावर नुसतं लिहिलेलं असतं 'कोबाल्ट भरणे', म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकून बंद होतो त्या झिजलेल्या सीटवर वेल्डिंगनं कोबाल्टच्या मिश्रधातूचा थर चढवणे. घोळ इथूनच चालू होतो.

कारण लेथवाल्याला कोबाल्ट मागितलं की तो एचएसएसचा (हाय स्पीड स्टीलचा) टूल बिट काढून देणार. त्याच्या एम३५ ग्रेडमध्ये कोबाल्ट ५ टक्के, एम४२ मध्ये ८, बाकी मुख्य माल लोखंडच. कार्बाइडच्या टिपेतही कोबाल्ट असतंय, पण ते टंगस्टन कार्बाइडचे कण धरून ठेवायला, विटांमधल्या सिमेंटसारखं. ह्या दोन्हींना कोबाल्ट बेस्ड अलॉय (कोबाल्टवर आधारलेला मिश्रधातू) म्हणणं म्हणजे मीठ घातलं म्हणून भाकरीला मीठ म्हणणं. खऱ्या कोबाल्ट बेसमध्ये कोबाल्टच सगळ्यात जास्त असतंय. स्टेलाइट हा असाच मिश्रधातू, त्यातला स्टेलाइट ६ हा ग्रेड घ्या, क्रोमियम साधारण २८ टक्के, टंगस्टन ४-५, कार्बन १ च्या जरा वर आणि उरलेलं बहुतेक कोबाल्ट. साधी ओळख सांगतो, लोहचुंबक लावा, एचएसएस खटकन चिकटतंय, स्टेलाइट जवळपास नाहीच.

स्टेलाइटचं मूळ पेटंट अमेरिकेतलं, १९०७ चं, नाव लॅटिनमधल्या ताऱ्यावरून. करणाऱ्याला म्हणे गंज न चढणाऱ्या सुऱ्या हव्या होत्या! पुढं टंगस्टन घातल्यावर ते लाल होईपर्यंत तापलं तरी धार सोडेना, म्हणून पहिल्या महायुद्धात कटिंग टूल म्हणून जोरात चाललं. १९२० च्या दशकात कार्बाइड आलं आणि टूलमधून ते हळूहळू मागं पडलं, पण १९२२ पासून तेलविहिरींच्या ड्रिल बिटवर वेल्डिंगनं थर चढवायला लागले होते आणि तीच लाइन आजपर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या टर्बोसुपरचार्जरची पाती आणि नंतर खुब्याचे सांधे, हे त्याचेच भाऊबंद.

मग १९७८. जगातलं बरंच कोबाल्ट जिथून यायचं त्या झाईरच्या (आजच्या काँगोच्या) शाबा प्रांतात लढाई पेटली, कोबाल्टचा भाव कुठल्या कुठं गेला आणि जगभर निकेल आणि लोखंडावर आधारलेले पर्याय शोधायची घाई झाली. विमान इंजिनात निकेल बसलं ते ठीक. पण व्हॉल्व्हच्या सीटवर, जिथं धातूवर धातू घासून आवळायचा असतो, तिथं स्वस्तातला वेल्डिंग रॉड मारून कोबाल्टचं बिल लावायचं हे मला तरी पटत नाही. अणुभट्टीची गोष्ट वेगळी, तिथं झिजलेल्या कणांचं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होतंय, ते टाळायलाच पाहिजे. आपल्या बॉयलरला तो प्रश्न नाही, म्हणून चलनावर 'कोबाल्ट' न लिहिता 'स्टेलाइट ६' असा ग्रेड लिहून द्या आणि भरून आलेल्या सीटवर एकदा चुंबक लावून बघा, फक्त थर पातळ असला तर खालचं स्टील चुंबक ओढतंय हे ध्यानात ठेवून.