झाकणाला पहिलं भोक गिऱ्हाइकाने पाडलं

झाकण म्हणजे बंद करायची वस्तू. पातेल्यावरचं असो की बरणीवरचं, काम झालं की ते बाजूला काढून ठेवायचं. रस्त्याने चालत प्यायच्या कॉफीच्या झाकणाकडून मात्र दोन उलट अपेक्षा असतात: सांडू द्यायचं नाही आणि पिऊ तर द्यायचं. हा पेच अमेरिकेत पडला आणि तिथेच सुटत गेला. सुरुवात कारखान्यात झाली नाही, ती गिऱ्हाइकाच्या नखाने झाली.

आधी कपाचं सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रेल्वेत, शाळांत, सार्वजनिक नळांवर एकच पेला टांगलेला असे आणि येणारा-जाणारा त्यालाच तोंड लावून पाणी पिई. (वरून, घोटाघोटाने पाणी पिणाऱ्या आपल्या आज्यांनी हे पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता.) १९०७ मध्ये बोस्टनच्या लॉरेन्स ल्यूलेनने एकदाच वापरायचा कागदी पेला आणला. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने सामायिक पेल्यावर बंदी घातली. ‘हेल्थ कप’ या नावाने खपणारा हा पेला १९१९ मध्ये ‘डिक्सी’ झाला. पुढे डिक्सीच्या आइस्क्रीमच्या कपांवर कागदी झाकण आलं आणि १९३०च्या दशकात त्याच्या आतल्या बाजूला सिनेनटांचे फोटो छापून येऊ लागले. पोरं ती झाकणं जमवत. पण हे झाकण काढायचंच होतं, त्यातून कोणी काही पीत नव्हतं.

न्यूयॉर्कमधल्या ग्रीक मालकांच्या उपाहारगृहांतून कॉफी बाहेर नेली जायची. १९६३ मध्ये लेस्ली बक यांनी खास त्यांच्यासाठी ग्रीक नक्षीचा निळा-पांढरा ‘अँथोरा’ कप काढला आणि तो त्या शहराची ओळख बनला. त्या काळच्या कपांवर सपाट प्लॅस्टिकचं झाकण असे. हिशोब असा की कॉफी ऑफिसपर्यंत न्यायची, टेबलावर ठेवायची, झाकण काढायचं आणि मग प्यायची. लोकांना एवढा धीर नव्हता. कोणी भुयारी रेल्वेत पिऊ लागलं, कोणी गाडी चालवता चालवता. झाकण काढलं तर कपड्यांवर सांडणार, तेव्हा त्यांनी काठाशी त्रिकोणी तुकडा फाडून तेवढ्याच फटीतून प्यायला सुरुवात केली. फाडलेली कड ओठाला टोचे आणि तुकडा एक तर कॉफीत पडे नाही तर रस्त्यावर.

डिझायनर लोकांच्या या फाडण्यामागून आले. आधी झाकणावर फाडायच्या रेषा आखून दिल्या गेल्या. मग फाडलेली पट्टी मागे दुमडून खाचेत अडकवायची सोय झाली, म्हणजे तुकडा सुटायला नको. हीच गोष्ट शेजारच्या धंद्यातही घडत होती. ओहायोतल्या डेटनचा एर्मल फ्रेझ १९५९ मध्ये सहलीला गेला, कॅन उघडायची चावी घरी विसरला आणि मग त्याने ओढून काढायची कडी शोधली. १९६२ मध्ये पिट्सबर्गच्या एका बिअरच्या कॅनवर ती बाजारात आली. थोड्याच वर्षांत समुद्रकिनारे त्या धारदार कड्यांनी भरले आणि लोकांचे पाय कापू लागले. १९७५ मध्ये डॅनियल कुडझिकने कॅनलाच चिकटून राहणारी कडी आणली, ती आजही आपण उचलतो. उघडल्यावर सुटलेल्या तुकड्याचं करायचं काय, हा प्रश्न कॅनवाल्यांना आणि कपवाल्यांना जवळपास एकाच सुमारास पडला होता.

लुईस हार्पमन आणि स्कॉट स्पेक्ट या दोन वास्तुरचनाकारांनी अशी शेकडो झाकणं जमवली. त्यांतली काही आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. त्यांनी झाकणांची प्रतवारी केली ती हाता-तोंडाच्या क्रियेवरून: सोलायचं, चिमटीत धरून उघडायचं, टोचायचं आणि ओठांचा चंबू करून प्यायचं.

या चौथ्या जातीचा म्होरक्या म्हणजे ‘सोलो ट्रॅव्हलर’. जॅक क्लेमेंट्सने सोलो कंपनीसाठी तो रचला आणि १९८६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. यात फाडायचं काही नाही, भोक आधीपासूनच आहे. झाकण कपाच्या काठापेक्षा उंच उठतं. त्या उंच कडेवर खालचा ओठ टेकतो, आणि मधला भाग खोलगट असल्याने वरच्या ओठाला व नाकाला जागा मिळते. समोरच्या बाजूला टाचणीएवढं दुसरं छिद्र असतं. डब्याचं तेल काढताना आपण दोन भोकं पाडतो, त्यामागचं कारणच इथेही आहे: हवा आत गेली नाही तर धार अडखळते आणि मग गचकन येते. या उंचवट्याचा एक फायदा पुढे दिसला. कापुचिनो आणि लाटे अमेरिकाभर पसरले तेव्हा वरच्या फेसाला मावायला जागा हवी होती. सपाट झाकणाखाली फेस चेपला जाई, सोलोच्या घुमटाखाली तो तसाच राहिला. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने साध्या पण थोर वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, त्यात हे काही पैशांचं झाकणही मांडलं होतं. मला यात अतिशयोक्ती वाटत नाही.

तरी सगळ्यांनी ते लगेच स्वीकारलं असं नाही. २७ फेब्रुवारी १९९२ रोजी न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की इथे ७९ वर्षांच्या स्टेला लीबेक नातवाच्या उभ्या गाडीत बसल्या होत्या. दूध-साखर घालायला त्यांनी कप गुडघ्यांत धरून झाकण ओढलं आणि मॅकडॉनल्ड्सची कॉफी मांडीवर सांडली. कॉफी सुमारे ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला दिली जात होती. त्या खोलवर भाजल्या, त्वचारोपण करावं लागलं. १९९४ मध्ये ज्युरीने लाखो डॉलरची भरपाई दिली. न्यायाधीशांनी ती रक्कम कमी केली आणि पुढे तडजोड झाली. अमेरिकेत या खटल्याची बरीच टवाळी झाली. भाजल्याचं वर्णन वाचलेला माणूस मात्र ती करणार नाही. खटला तापमानावर चालला, पण अपघाताचा क्षण झाकण काढण्याचा होता.

नुसतं चालण्यातही धोका असतोच. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की कपातल्या कॉफीच्या हेलकाव्याची लय माणसाच्या पावलांच्या लयीच्या जवळपास असते, म्हणून प्रत्येक पावलागणिक लाट वाढत जाते. या कामाला त्या वर्षीचा इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार) मिळाला. कॉफीच्या काउंटरवर काम केलेल्यांना याखेरीज आणखी एक गोष्ट ठाऊक असते: कागदी कपाला जिथे जोड असतो, त्या रेषेवर झाकणाचं भोक आणायचं नाही. जोडापाशी कड किंचित जाड असते, झाकण तिथे घट्ट बसत नाही आणि कप कलंडला की थेंब बरोबर शर्टावर येतो.

आपल्याकडचा पार्सल चहा या इतिहासाच्या बाहेरच राहिला. पिशवीत ओतून रबर लावलेला चहा रस्त्यात प्यायचा नसतोच. तो दुकानात किंवा ऑफिसात पोचतो आणि तिथे छोट्या कपांत वाटला जातो. दोन मिनिटांत संपणाऱ्या कटिंगला झाकण कशाला?

थंड पेयांच्या झाकणात बदल झाला तो स्ट्रॉमुळे. २०१८ मध्ये स्टारबक्सने प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ बंद करायचं जाहीर केलं आणि ओठांनी प्यायचं उंच चोचीचं झाकण आणलं. त्यावर दोन आक्षेप आले. एक, नव्या झाकणातही प्लॅस्टिक काही कमी नाही. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: काही अपंग व्यक्तींना स्ट्रॉशिवाय पिताच येत नाही.

आणि सुटा तुकडा? तो आता कायद्यात आला आहे. युरोपीय संघात ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लॅस्टिकच्या पेय-बाटल्यांचं बूच बाटलीलाच जोडलेलं असावं लागतं. पिताना ते नाकाला आणि गालाला लागतं, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. बरेच जण ते पिरगाळून तोडतात.