काळजी आणि पहारा

रात्री साडेदहा, दादरहून सुटलेली कल्याण लोकल. "घाटकोपरला उतरलीस की मेसेज कर." हे वाक्य काळजीचं की पहाऱ्याचं, हे ऐकून कळत नाही. मेसेज आला नाही तर पुढे काय होतं, त्यावरून कळतं.

काळजी करणारा धास्तावतो, फोन करतो, "पोचलीस ना? झोप मग" म्हणतो आणि विषय संपतो. पहारा करणारा हिशेब मागतो. फोन बिझी का होता? बरोबर कोण होतं? उद्यापासून लोकेशन चालू ठेवायचं. मग पासवर्ड, मग मैत्रिणी कोणत्या असाव्यात ते, मग तिच्या पगाराचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. हात उगारला जातो तेव्हा घरचे म्हणतात, "तापट आहे जरा." मला हे पटत नाही. साहेबाने चारचौघांत झापलं तर हाच मुलगा मान खाली घालून ऐकून घेतो. राग त्याला आवरता येतो. घरी मात्र आवरायचं कारण दिसत नाही.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीपाशी थांबत नाही. शाब्दिक, भावनिक, लैंगिक आणि आर्थिक छळही त्यात येतो, आणि लग्नाविना नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही त्याचा आधार आहे. पण बाई कायद्यापर्यंत पोचते तोवर बरंच सोसून झालेलं असतं. मुलगा घडतो त्याच्या कितीतरी आधी. म्हणून १९९३ मध्ये पुरुषांनीच मुंबईत सुरू केलेली 'मावा' ही संस्था तरुण मुलांशी बोलते आहे. 'परिवर्तन' या दुसऱ्या एका उपक्रमात तर मुलांशी हेच बोलायला मुंबईतल्या क्रिकेट प्रशिक्षकांनाच तयार केलं गेलं. सरांचं मैदानावर ऐकणारी मुलं घरच्यांचं ऐकतीलच असं नाही, हे त्यामागचं शहाणपण.

माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याने विचारलं, "मामा, मग काळजी करायचीच नाही का?"

कर की. फक्त तिला "नको" म्हणायला जागा ठेव. लोकेशन मागितलंस, ती नको म्हणाली, आणि तुझा अबोला दोन दिवस टिकला, तर पुढच्या वेळी ती देईल ते भीतीने देईल. तुला मात्र ते प्रेम वाटेल.

आणि कट्ट्यावर एखादा मित्र "माझी मला विचारल्याशिवाय कुठे जात नाही" असं फुशारकीने म्हणाला, तर हसू नकोस. तिथेच विचार, "का रे, घाबरते का ती तुला?"