होआकीम सोरिया

होआकीम अगुस्तीन सोरिया रामोस (जन्म : १८ मे १९८४, मोंक्लोवा, कोआविला राज्य, मेक्सिको). मेक्सिकोचा निवृत्त व्यावसायिक बेसबॉलपटू. उजव्या हाताने चेंडू टाकणारा रिलीफ पिचर, म्हणजे बदली गोलंदाज. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल स्पर्धेत २००७ ते २०२१ या काळात तो ७७३ सामने खेळला आणि त्याने २२९ सेव्ह मिळवले. मेक्सिकोत जन्मलेल्या पिचरांमध्ये हे दोन्ही आकडे सर्वाधिक आहेत.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर थकला किंवा त्याच्यावर धावा होऊ लागल्या की त्याच्या जागी रिलीफ पिचर येतो. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. थोडक्या आघाडीवर असलेल्या संघाचा शेवटचा, म्हणजे बहुधा नववा डाव ज्याच्यावर सोपवतात, तो ‘क्लोझर’. टी-ट्वेंटीत अखेरच्या षटकांसाठी राखून ठेवलेल्या गोलंदाजासारखेच हे काम. फरक इतकाच की क्लोझर दुसरे काही करत नाही आणि त्याला लागोपाठच्या दिवशीही मैदानात उतरावे लागते. साधारणपणे तीन किंवा त्याहून कमी धावांच्या आघाडीवर येऊन त्याने किमान एक डाव टाकला आणि सामना जिंकूनच संपवला, तर त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. १९६९पासून ही अधिकृत नोंद ठेवली जाते.

सोरियाचे जन्मगाव मोंक्लोवा हे उत्तर मेक्सिकोतील पोलादाचे शहर. तिथल्या बेसबॉल संघाचे नावही ‘आसेरेरोस’, म्हणजे पोलाद कामगार. लॉस एंजेलिस डॉजर्सने २००१ साली सोरियाला करारबद्ध केले, पण २००३मध्ये त्याच्या कोपरावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया करावी लागली. या शस्त्रक्रियेत कोपराचा फाटलेला अस्थिबंध काढून शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध तिथे बसवतात. नंतर पुन्हा जोराने चेंडू टाकता यायला वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. २००४मध्ये डॉजर्सने त्याला सोडून दिले. तो मायदेशी परतला आणि राजधानीच्या दियाब्लोस रोहोस संघाकडून खेळू लागला. पुढे सॅन दिएगो पाद्रेसने त्याच्याशी करार केला, तरी त्यांच्या प्रमुख संघाच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही.

नेमकी हीच गोष्ट कॅन्सस सिटी रॉयल्सच्या पथ्यावर पडली. ‘रूल फाइव्ह’ निवड प्रक्रियेत एखाद्या संघाने राखून न ठेवलेला खेळाडू दुसरा संघ उचलू शकतो. त्या काळी त्यासाठी ५०,००० डॉलर मोजावे लागत. अट मात्र कडक : तो खेळाडू पूर्ण हंगाम मुख्य संघातच ठेवायचा, नाहीतर मूळ संघाला निम्म्या किमतीत परत द्यायचा. अशा प्रकारे घेतलेले बहुतेक खेळाडू हंगाम संपायच्या आतच परत जातात. डिसेंबर २००६मध्ये रॉयल्सने सोरियाला निवडले आणि दोनच दिवसांनी त्याने मेक्सिकोच्या हिवाळी पॅसिफिक लीगमध्ये ‘परफेक्ट गेम’ टाकला : २७ फलंदाज आले आणि २७ बाद झाले, एकही पहिल्या बेसपर्यंत पोहोचला नाही. नवव्या डावापुरता येणारा म्हणून ज्याला पुढे जगाने ओळखले, त्याच्या हातात नऊही डाव टाकण्याची ताकद होती, ही गोष्ट त्याच्या कारकिर्दीचा विचार करताना नजरेआड करू नये.

पहिल्याच हंगामात, २००७च्या जुलैअखेर क्लोझर ऑक्टाव्हियो डोटेल अटलांटाकडे गेला आणि ती जागा सोरियाकडे आली. त्याच्या फास्टबॉलचा वेग ताशी १४५ ते १५० किलोमीटर, म्हणजे क्लोझरच्या मानाने साधाच. पण फेक सहज असल्यामुळे चेंडू फलंदाजाला उशिरा दिसे. शिवाय तो अधूनमधून ताशी ११०-११५ किलोमीटरचा संथ, वळणारा कर्व्हबॉल सोडायचा आणि वेगाची वाट पाहणाऱ्याची बॅट चेंडूच्या आधीच फिरून जायची. २००८मध्ये त्याने ४२ सेव्ह मिळवले, नऊ डावांमागे जेमतेम १.६० धावा दिल्या आणि हंगामातील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात स्थान पटकावले. २०१०मध्ये ४३ सेव्ह, सरासरी १.७८ आणि दुसऱ्यांदा ऑल-स्टार. त्या वर्षी रॉयल्सने १६२पैकी ६७च सामने जिंकले होते. म्हणजे संघाच्या दर तीन विजयांपैकी जवळजवळ दोन सोरियाच्या हातून पक्के झाले. हरणाऱ्या संघाचा क्लोझर म्हणून त्याच्याकडे देशभर फारसे लक्ष गेले नाही, आणि हा त्याच्यावर अन्यायच झाला.

चाहत्यांनी त्याला ‘मेक्सिकन जल्लाद’ या अर्थाचे टोपणनाव दिले होते. ते खूप गाजले, पण अमली पदार्थांच्या टोळ्यांनी मेक्सिकोत मांडलेल्या रक्तपातात असे नाव बरे नाही, असे सांगून २०११च्या हंगामाआधी ते वापरू नये अशी विनंती त्याने केली. त्याचे कोआविला राज्यही त्या हिंसेत होरपळत होते.

२०११मध्ये त्याची लय बिघडली आणि काही दिवस त्याला क्लोझरच्या जबाबदारीतून बाजूला व्हावे लागले. एप्रिल २०१२मध्ये कोपरावर दुसऱ्यांदा तीच शस्त्रक्रिया झाली. तो हंगाम गेला आणि रॉयल्सशी असलेला करारही संपला. टेक्सास रेंजर्सकडून जुलै २०१३मध्ये तो परतला. वर्षभरानंतर डेट्रॉइट टायगर्सने त्याला घेतले. तिथे ऑक्टोबर २०१४मधील बाल्टिमोरविरुद्धची बाद फेरी त्याच्यासाठी कडू ठरली. दुसऱ्या सामन्याच्या आठव्या डावात तिन्ही बेसवर धावपटू असताना डेल्मन यंगने त्याचा चेंडू दूर टोलवून तिघांना धाव मिळवून दिली, टायगर्स ७-६ असे हरले आणि पुढचा सामनाही गमावून बाहेर पडले.

त्याच काळात ज्या रॉयल्ससाठी त्याने पडझडीची वर्षे काढली, ते २०१४मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले आणि २०१५मध्ये विजेते ठरले. २०१५चा उत्तरार्ध सोरिया पिट्सबर्ग पायरेट्सकडे होता. त्या डिसेंबरमध्ये तीन वर्षांसाठी २.५ कोटी डॉलरचा करार करून तो रॉयल्सकडे परत आला, पण आता बहुधा सातव्या-आठव्या डावांसाठी. त्यानंतर शिकागो व्हाइट सॉक्स, मिलवॉकी ब्रुअर्स, ओकलंड ॲथलेटिक्स, ॲरिझोना डायमंडबॅक्स आणि टोरोंटो ब्लू जेज असा त्याचा प्रवास झाला. २०१८मध्ये ब्रुअर्सला वर्ल्ड सिरीजसाठी एकच विजय हवा होता. पण त्याआधीच्या फेरीचा सातवा, निर्णायक सामना डॉजर्सने जिंकला. वर्ल्ड सिरीज सोरियाच्या वाट्याला कधीच आली नाही.

नोव्हेंबर २०२१मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी तो निवृत्त झाला. त्याच्या २२९पैकी १६२ सेव्ह रॉयल्ससाठी आहेत. त्याच्याआधीचा गाजलेला मेक्सिकन रिलीफ पिचर म्हणजे १९८४च्या विजेत्या टायगर्स संघातील आउरेलिओ लोपेस. त्याच्या नावावर ९३ सेव्ह होते. नंतरच्या पिढीतील रोबेर्तो ओसुना १५५ सेव्हवर असताना जपानच्या लीगमध्ये गेला. सिॲटलचा क्लोझर, लॉस मोचिस गावचा आंद्रेस मुन्योस हा मेक्सिकन पिचरांच्या त्यापुढच्या फळीतला.