कुत्रीच्या लघवीत रक्त दिसलं तर

"उष्णता झाली असन. सब्जाचं पाणी पाजा, होईन बरी." वऱ्हाडात कुत्रीच्या लघवीत लाल दिसलं की पहिलं निदान हेच. ते करायला डॉक्टर लागत नाही, घरातलं कुठलंही मोठं माणूस पुरतं. मे महिन्यात अकोल्याचा नाहीतर चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर गेलेला असतो, अंगण तव्यासारखं तापलेलं असतं, त्यामुळे ते पटतंही. सब्जाच्या पाण्याने कुत्रीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्या नादात गेलेल्या दोन महिन्यांनी, कारण त्या लालीमागे कधीकधी लघवीच्या पिशवीचा कॅन्सरही असतो.

लघवीत रक्त दिसलं म्हणजे कॅन्सरच, असं मात्र अजिबात नाही. बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. कुत्री माजावर आली असेल तर थेंब थेंब रक्त पडतं, ते लघवीतून येत नाही. लघवीच्या पिशवीला जंतुसंसर्ग झाला किंवा मुतखडा असला की लघवी लालसर होते. गोचीडतापाच्या एका प्रकारात ती गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी दिसते, कारण रक्तातल्या लाल पेशीच फुटून त्यांचा रंग लघवीत उतरतो. उंदराचं औषध खाल्लेल्या कुत्र्याला कुठूनही रक्त जाऊ शकतं.

आणि गावात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांमध्ये आणखी एक गोष्ट हमखास आढळते. लघवीच्या जागी फुलकोबीसारखी, बोट लावताच रक्त येणारी गाठ. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. हाही कॅन्सरच, पण जगावेगळा. तो विषाणूने पसरत नाही, त्याच्या जिवंत पेशीच समागमाच्या वेळी एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. ज्या कुत्र्यात हा पहिल्यांदा झाला ते काही हजार वर्षांपूर्वीच मेलं, त्याच्या पेशी मात्र आजही गावोगाव फिरताहेत. व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन आठवड्याला एक, असं काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात "कॅन्सर आहे" एवढंच ऐकून कुत्रं परत आणू नये. कुठला कॅन्सर, ते विचारावं. या गाठीचा आणि पिशवीच्या कॅन्सरचा रस्ता पूर्ण वेगळा आहे.

घरी काय बघता येईल? सकाळची पहिली लघवी धरायची. कुत्री बसली की मागून हळूच लांब दांड्याची पळी खाली सरकवायची. समोरून गेलात तर ती उठून जाईल. ती लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून तासभर न हलवता ठेवायची. तळाशी लाल साका बसला आणि वरचं पाणी पिवळट राहिलं तर रक्त पिशवीतून किंवा मार्गातून येतंय. सगळी बाटली वरपासून खालपर्यंत तशीच तपकिरी राहिली तर गोचीडतापाचा संशय घ्यायचा. हे प्रयोगशाळेतलं निदान नव्हे, पण बाटली सोबत नेली तर डॉक्टरांचं अर्धं काम सोपं होतं. शिवाय कुत्रीची चाल बघायची. धुऱ्याने चालताना दहा पावलांत तीनदा बसते, कमर वाकवून जोर करते, आणि पडतात दोनच थेंब. संसर्गातही असं होतं, मुतखड्यातही होतं, कॅन्सरातही होतं. म्हणूनच फसगत होते.

फसगतीचं दुसरं कारण अँटिबायोटिक. पिशवीत गाठ असली की तिच्या खडबडीत पृष्ठभागावर जंतू बसतात. गोळ्या सुरू केल्या की जंतू मरतात, सूज उतरते, रक्त थांबतं. घरचे म्हणतात, बरी झाली. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा लाल. मग पुन्हा त्याच गोळ्या. माझ्या मते इथे एक साधा नियम पाळावा. आठ-नऊ वर्षांच्या पुढची कुत्री असेल आणि गोळ्यांचा कोर्स दोनदा पुरा करूनही रक्त परत आलं, तर तिसऱ्यांदा गोळ्या द्यायच्या नाहीत, सोनोग्राफी करायची.

पिशवीचा हा कॅन्सर कुत्र्यांच्या एकूण कॅन्सरांत एक-दोन टक्केच भरतो. तो उतारवयात होतो, साधारण दहा-अकराव्या वर्षी, आणि नरांपेक्षा माद्यांमध्ये जास्त. मोकाट कुत्रं त्या वयापर्यंत क्वचितच पोचतं, पण वाड्यावर नाहीतर शेतातल्या खोपडीवर वाढलेलं, भाकरी-वरण मिळणारं, डुकरं हाकलायला जागलीवर जाणारं कुत्रं पोचतं. रोग सुरू होतो तो पिशवीच्या आतल्या अस्तरात, आणि बहुतेकदा पिशवीच्या तोंडापाशी. दोन्ही मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्या जिथे उघडतात आणि लघवी बाहेर जायची वाट जिथून निघते, तो हा कोपरा. कॅनॉलच्या नेमक्या गेटात गाळ साचावा तसं हे. तिथून गाठ कापून काढायला गेलं तर सगळी वाहतूकच तुटते, म्हणून शस्त्रक्रियेचा उपयोग थोड्याच कुत्र्यांना होतो. निदान होतं तेव्हाच पाचातल्या एखाद्या कुत्र्यात तो लसिकाग्रंथी किंवा फुप्फुसापर्यंत गेलेला असतो.

पण पिशवीतच का? शरीरात गेलेलं बरंचसं नको ते मूत्रपिंडं गाळतात आणि पिशवीत आणून ठेवतात. तिथे ते दाट होऊन तासन् तास अस्तराला लागून राहतं. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या मजुरांना पिशवीच्या गाठी होतात हे पहिल्यांदा मांडलं. कुठल्या रसायनाने, ते कळायला पुढे चाळीसेक वर्षं गेली, आणि ते सिद्ध झालं कुत्र्यांवर. १९३८ साली अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी रंगधंद्यातलं बीटा-नॅफ्थिलअमाईन कुत्र्यांना दिलं आणि त्यांच्या पिशव्यांमध्ये तशाच गाठी उठल्या. माणसाच्या या रोगाचं कोडं सुटलं ते त्या कुत्र्यांच्या जिवावर.

आता आपल्याकडच्या प्रश्नाकडे, म्हणजे शेतातल्या तणनाशकाकडे येऊ. स्कॉटिश टेरियर ही एक ठेंगणी विलायती जात आहे, तिला हा कॅन्सर इतर कुत्र्यांपेक्षा १८ ते २० पट जास्त होतो. २००४ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी हा कॅन्सर झालेली ८३ आणि दुसरे आजार असलेली ८३ स्कॉटिश टेरियर कुत्री तपासली. ज्यांच्या अंगणातल्या हिरवळीवर तणनाशक मारलं जायचं, त्यांच्यात धोका साडेतीन पटींहून जास्त निघाला. त्यातली फिनॉक्सी गटातली तणनाशकं पुढे होती, आणि टू-फोर-डी त्याच गटातलं. शेजाऱ्याने ज्वारीत टू-फोर-डी मारलं आणि वारा आपल्याकडे असला की पऱ्हाटीचं पान भेंडीच्या पानासारखं चिरतं, हे कापसाच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पान बोलतं, कुत्रं बोलत नाही. ते ओल्या तासातून पोट घासत जातं, बांधावर लोळतं आणि संध्याकाळी पाय चाटत बसतं. एका जातीच्या १६६ कुत्र्यांवरून आपल्या गावठी कुत्र्यांचा हिशेब मांडता येत नाही, आणि तणनाशक मारलं म्हणून अमक्या कुत्रीला कॅन्सर झाला असं कुणी म्हटलं तर त्यालाही पुरावा विचारावा. तरी फवारणीच्या दिवशी कुत्रं घरी बांधायला पैसे पडत नाहीत. औषधाच्या रिकाम्या कॅनचं तोंड कापून त्यात कुत्र्याला पाणी ठेवण्याची जी रीत आहे, ती तर आजच बंद व्हावी.

त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट मांडली. आठवड्यातून निदान तीनदा हिरव्या पालेभाज्या किंवा पिवळ्या-केशरी भाज्या खाणाऱ्या कुत्र्यांत धोका बराच कमी दिसला. उकडलेलं कोहळं (लाल भोपळा), गाजर, थोडी चवळीची भाजी पोळीत कुस्करून देता येते. कांदा-लसणाची फोडणी मात्र नको, त्याने कुत्र्यांच्या लाल पेशी फुटतात.

निदानासाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था गाठावी लागते. शहरांतल्या खासगी दवाखान्यांतही आता सोनोग्राफी होते. पिशवी भरलेली असेल तरच आतली भिंत नीट दिसते, म्हणून वाटेत लघवीला उतरवावं लागलं तरी पोचल्यावर पाणी पाजून थोडं थांबावं. गाठ दिसली की पोटातून सुई टोचून नमुना घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. या कॅन्सरात ते टाळतात, कारण सुईच्या वाटेवर पेशी सांडून पोटाच्या भिंतीतच नवी गाठ उगवू शकते. नमुना लघवीतून किंवा नळीतून घेतात. २०१५ साली कळलं की या कॅन्सरच्या सुमारे ८५ टक्के कुत्र्यांत बीराफ नावाच्या जनुकात एकच ठरावीक बदल असतो, आणि तो लघवीत पडलेल्या पेशींतही सापडतो. माणसाच्या त्वचेच्या मेलॅनोमा कॅन्सरमध्येही तोच बदल जवळपास निम्म्या रुग्णांत आढळतो. परदेशात त्यावर लघवीची तपासणी निघाली आहे.

उपचारात सगळ्यात महत्त्वाचं औषध निघालं ते सांधेदुखीचं. पायरॉक्सिकॅम कुत्र्यांना दुखणं कमी व्हावं म्हणून देत होते, तर काहींच्या गाठीच लहान झाल्या. मग पर्ड्यूमध्येच पिशवीचा कॅन्सर असलेल्या ३४ कुत्र्यांवर ते नीट तपासलं गेलं. १९९४ च्या त्या अहवालात दोघांची गाठ पूर्ण गेली, चौघांची बरीच आटली, अठरांची जागच्या जागी थांबली. निम्मी कुत्री १८१ दिवसांहून जास्त जगली. निरोगी अस्तरात नसलेलं कॉक्स-२ नावाचं विकर या गाठीत असतं आणि हे औषध त्याला अडवतं. सोबत माइटोझँट्रोनसारखी केमोथेरपी दिली तर काही अभ्यासांत नऊ-दहा महिने ते वर्षभर मिळालं आहे. रोग मुळासकट जात नाही. पण दहा वर्षांच्या कुत्रीला सहा महिने म्हणजे एक अख्खा हंगाम, आणि त्यातले बरेच दिवस ती नेहमीसारखी असते.

पायरॉक्सिकॅम स्वस्त आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. भीती तिथेच आहे. कुत्र्याचा डोस वजनाच्या किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोच्या कुत्रीला दिवसाला साडेचार. माणसाची कॅप्सूल २० मिलिग्रॅमची. ती सरळ भाकरीत दडवून दिली तर पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात. डोस डॉक्टरांनीच ठरवून द्यावा, आधी रक्त तपासून मूत्रपिंडं बघावीत, औषध जेवणानंतर द्यावं. शी डांबरासारखी काळी झाली किंवा उलट्या लागल्या तर औषध बंद करून लगेच फोन करावा. यासोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन चालत नाही, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी हे औषध चालू आहे असं सांगा. घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल यातलं काहीही आपल्या मनाने देऊ नये.

रोजची शुश्रूषा म्हणजे लघवी वाहती ठेवणं. पाणी दोन-तीन ठिकाणी, सावलीत, मातीच्या भांड्यात. भाकरी कोरडी न देता पातळ वरणात भिजवून. दिवसातून सहा-सात वेळा बाहेर न्यायचं, रात्रीही एकदा. चंद्रपूर-गडचिरोलीकडे रात्री बिबट्या अंगणापर्यंत येतो, म्हणून तिथे साखळी आणि बॅटरी हातात हवी. घरात लघवी झाली म्हणून मारू नये, तिला धरवत नाही. खाली धुता येईल असं बारदान किंवा जुनी गोधडी टाकून रोज बदलावी.

पावसाळ्यात एका गोष्टीवर डोळ्यात तेल घालून लक्ष हवं. लघवीने भिजलेल्या केसांवर माशा बसतात, आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. मागच्या बाजूचे केस बारीक कापावेत, कोमट पाण्याने धुवून कोरडं पुसावं, खोबरेल लावावं. अळ्या दिसल्याच तर फिनाईल, पेट्रोल, डांबरगोळी यातलं काही ओतू नका. आधीच थकलेल्या मूत्रपिंडांवर ते विष पडतं. दवाखान्यात नेऊन चिमट्याने काढून घ्या.

खरी तातडी एकच, लघवी बंद होणं. कुत्री जोर करते, काही पडत नाही, आणि लोक म्हणतात मलावरोध झाला, एरंडेल द्या. पोटाच्या मागच्या भागात चेंडूसारखं घट्ट लागलं तर ती भरलेली पिशवी आहे. दाबू नका, फुटू शकते. रक्तात पोटॅशियम चढून हृदय थांबायला एक-दोन दिवस पुरतात. डॉक्टर नळी घालून वाट मोकळी करतात. रात्र असेल तर सकाळची वाट बघू नये.

"लेकरायले लागन का?" हा प्रश्न हमखास येतो. नाही, पिशवीचा हा कॅन्सर माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही. केमोथेरपी चालू असेल तर मात्र पुढचे काही दिवस लघवी-शी हातमोजे घालूनच साफ करावी आणि गरोदर बाईने ते काम करू नये. तसंही कुत्र्याच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येऊ शकतो, हातमोजे नेहमीच बरे.

खाणं सुटलं, उठून पाणी प्यायलाही येईना, दर तासाला कण्हत बसायला लागली, की डॉक्टरांशी शेवटच्या इंजेक्शनचं बोलायला उशीर करू नये. आधी गुंगी, मग झोप, मग हृदय थांबतं, तिला दुखत नाही. गावात याला पाप म्हणणारे भेटतील. तुंबलेल्या लघवीने दोन दिवस तडफडून मरण्यापेक्षा मला ते बरं वाटतं. त्यानंतर देह नाल्यात किंवा गावाबाहेर टाकून देऊ नका. बेशुद्धीचं औषध मांसात राहतं, ते खाऊन दुसरी कुत्री, कोल्हे, पक्षी मरतात. विहिरीपासून लांब, उकरता येणार नाही इतका खोल खड्डा करून पुरावं आणि वर दगड ठेवावेत.